पामण्याचा घास

लालीबाईचं नाव काढलं की तांड्यातली माणसं आधी हसतात आणि मग जरा जपून बोलतात. हसतात, कारण बाई तोंडाची भलती फटकळ. जपून बोलतात, कारण ती कुठून ऐकत असेल याचा नेम नाही. आर्णीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून टेकडीच्या अंगानं आत गेलं की हा तांडा लागतो. लालीबाईची पासष्टी उलटली. गुडघे कुरकुरतात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण कापूस वेचायला बाई अजून ओळीत सगळ्यांच्या पुढे. मागे राहिलेल्या पोरींना वर टोमणे मारते, "अवं, कापूस येचून राह्यल्या का त्याले लाडीगोडी लावून राह्यल्या?"

नवरा नेमसिंग मात्र अगदी उलटा. शांत माणूस. बायकोचं बोलणं तो पंख्याच्या वाऱ्यासारखं अंगावर घेतो आणि मधूनच एखादा चिमटा काढतो. चाळीस-बेचाळीस वर्षांचा संसार असाच चाललाय.

पण लालीबाईची तांड्यातली खरी ओळख तिच्या तोंडाची नाही. ती ओळख आहे तिच्या जाळाची. तांड्यात दिवाळीच्या पाडव्याला सकाळी घरोघर धबुकार असतो. अंगणात निखारे मांडायचे, घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाला नावानं हाक मारायची आणि त्याच्या नावानं लापशीचा घास तुपात बुडवून जाळात सोडायचा. सासू, सासरा, आजा, पणजा, सगळ्यांना बोलावणं. जाळ उठला की समजायचं, माणूस जेवला. सगळ्यांच्या घरी हे असंच. लालीबाईच्या घरी मात्र शेवटी एक घास जास्तीचा पडतो. तो ज्या माणसासाठी पडतो, तो ना तिच्या जातीचा, ना गावचा, ना नात्याचा. आणि कित्येक वर्षं तिला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

हे सगळं सुरू झालं एकाहत्तरच्या लढाईत.

लाली तेव्हा दहा-अकरा वर्षांची पोर. तिचं माहेर टेकडीच्या पलीकडच्या तांड्यात. शिवारात ज्वारी भरत आली होती आणि मचाणावर बसून गोफणीनं पाखरं हाकायचं काम तिच्याकडे होतं. पाकिस्तानशी लढाई चाललीय एवढं तांड्याला ठाऊक होतं, कारण संध्याकाळी शाळामास्तरांच्या रेडिओभोवती बाप्ये गोळा व्हायचे. पण लढाई म्हणजे कुठंतरी लांब. तांड्यात पाणी भरणं, भाकरी थापणं, शेण काढणं जसंच्या तसं चालू होतं.

त्या दिवशी ऊन वर आलं होतं. दक्षिणेकडून असा आवाज आला की ज्वारीतली पाखरं गोफणीवाचूनच उडाली. लालीनं वर पाहिलं. विमानं तिनं पाहिली नव्हती असं नाही, पण ती मुंगीएवढी, आभाळाला चिकटलेली. हे इतकं खाली होतं की त्याच्या पोटावरची अक्षरं दिसली. मागे काळा धूर आणि तोंड सरळ तांड्याकडे. तांड्यात सगळी कुडाची घरं, अंगणात बाया, झोळीत लेकरं. लालीची आईही तिथंच. पोरगी गोफण हातात धरून मचाणावर उभी राहिली.

मग विमानानं एक पंख खाली टाकला. तांड्याला बगल देऊन ते वळलं आणि नाल्यापलीकडच्या तुरीत जाऊन पडलं.

लालीचा बाप गुलाबसिंग सगळ्यात आधी धावला. बाप धावला म्हणून लालीही धावली. पण आगीची धग अशी की वीस हातांच्या आत कोणाला जाता येईना. बाप्ये माती टाकत राहिले, बायांनी नाल्यातून घागरी भरून आणल्या. आतला माणूस तर तेव्हाच गेला होता. हे सगळ्यांना कळत होतं, तरी दिवस मावळेपर्यंत पाणी टाकणं कोणी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून मिलिटरीच्या गाड्या आल्या. त्यांनी त्या माणसाला कापडात गुंडाळून नेलं, पत्रा उचलला, लोकांना सांगितलं की लढाईचे दिवस आहेत, याची वाच्यता नको. त्यांच्यातला एक साहेब भला होता. गुलाबसिंगच्या दारात बसून पाणी प्यायला, लालीच्या डोक्यावर हात ठेवला. गुलाबसिंगनं त्याला हात जोडून विचारलं, "साहेब, पोराचं नाव तरी सांगा."

"लढाई चालू आहे, बाबा. सांगता येत नाही," साहेब म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते बोलणं कसंतरी वाटलं असावं, कारण तो लगेच उठला.

त्या माणसानं विमान मुद्दाम वळवलं, की बिघडलेलं विमान आपसूक कलंडलं, यावर तांड्यात पुढं कितीतरी वाद झाले. मास्तर म्हणाले, ते आता कोणालाच कळणार नाही. गुलाबसिंगला वादात रसच नव्हता. "वळलं ना? तांडा वाचला ना? मंग झालं तं!" एवढं तो म्हणायचा.

पुढच्या दिवाळीला गुलाबसिंगनं आपल्या सगळ्या पितरांना जेवू घातलं आणि एक घास हातात तसाच धरून ठेवला. लालीच्या आईनं विचारलं, हा कोणाचा? तो म्हणाला, "त्या विमानातल्या पोराचा. आपल्या शिवारात आला अन् पानी न पेता गेला. पामणा होय तो." पामणा म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत पाहुणा. "पामणा, आव," असं बोलावून त्यानं घास जाळात सोडला.

लाली बापाला खेटूनच बसली होती. तिनं विचारलं, "बा, पामणे तं लई असतात. त्याले कसं समजन का आपूनच बोलावलं अन् त्यालेच बोलावलं?"

गुलाबसिंगनं पोरीच्या हातात लापशीची वाटी दिली आणि तिला खेळायला पिटाळलं. पण पोरगी अशी चिवट की तो प्रश्न तिनं जन्मभर सोडला नाही. हाक नावानं गेली तरच माणसापर्यंत पोचते, मग आपला घास पोचतो का नाही? की तो बिचारा कुठंतरी उपाशीच बसलाय आणि आपण उगीच तूप जाळतोय?

लग्न होऊन लाली टेकडीच्या या बाजूला आली. वर्षा-दोन वर्षांत गुलाबसिंग गेला, भाऊ पुण्याला कामाला लागला तो तिकडचाच झाला, आणि माहेरचा जाळ बंद पडला. बापाला आणि आईला तर भाऊ पुण्यात जेवू घालील. पामण्याला कोण? लालीबाईच्या जिवाला घोर लागला. त्या दिवाळीला तिनं सासूसमोर विषय काढला. सासू भुरीबाई म्हणजे कडक काम. पायात जाड कडी, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि आवाज असा की गुरंसुद्धा वळून बघत.

"आपल्या जाळात परक्याचा घास?" भुरीबाई कडाडली. "ना कुळाचा, ना नावाचा! आपले लोक जेवाले येतील अन् पाह्यतील का त्याईच्या पंक्तीत कोन बसलं? नाई जमत."

लालीबाई तेव्हा नवीन होती, पण जीभ जुनीच होती. ती म्हणाली, "मोठे माय, तुमच्या दारात कोनी पामणा आला तं तुमी त्याले जात इचारता का आधी पानी देता?"

सुनेनं सासूला गप्प केलं ही गोष्ट तांड्यात आठ दिवस पुरली. शेवटी भुरीबाईनं एक अट घालून परवानगी दिली. घरचे सगळे जेवले की मग त्याचा घास, सगळ्यात शेवटी. लालीबाईनं मान्य केलं. पुढं पुढं तर भुरीबाईच आठवण करायची, "अवं, त्या पामण्याचं राह्यलं ना!" आणि नेमसिंग हळूच चिमटा काढायचा. लालीबाई घास सोडून जाळाकडे डोळे लावून बसायची, उठतो का, उठतो का. जाळ उठला की नेमसिंग म्हणायचा, "त्यात काय पाह्यतं? तूप टाकलं का कोनताबी जाळ उठते."

"तुमाले टाकू का तुपात?" लालीबाई म्हणायची.

अशी वर्षं गेली. भुरीबाई गेली, आता तिलाही जाळातून हाक जाते. मुलगा बबलू मोठा झाला, यवतमाळात ऑटो चालवायला लागला, त्याची बायको शीला घरात आली. बबलू आईवर जीव टाकणारा. पण मागं एकदा पाडव्याला तो बोलून गेला, "याडी, तुह्यामागं मी हे करीन, नाई म्हनत नाई. पन मी काय म्हनून हाक मारू? ए इमानवाले? पोरं हासतात ना मले."

याडी म्हणजे आई. त्या याडीचा चेहरा पडला. ती त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि लालीबाई बोलली नाही म्हणजे घरच्यांना कळलं की घाव खोल लागलाय. कारण बबलूचं चुकीचं नव्हतंच. ती असेपर्यंत पामणा तिच्या ओळखीचा होता. तिनं त्याचा धूर पाहिला होता, त्याच्यासाठी घागरी वाहिल्या होत्या. बबलूनं काय पाहिलं होतं? नाव नसलेल्या माणसाला पुढची पिढी किती दिवस जेवू घालणार? आपण डोळे मिटले की दोन-चार दिवाळ्यांत हा घास बंद होणार, हे तिला स्वच्छ दिसलं. त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला. मरायच्या आत त्याचं नाव कळलं पाहिजे.

बबलूच्या ऑटोत एक पियूष नावाचा मास्तर नेहमी बसायचा. यवतमाळला कॉलेजात शिकवायचा आणि सुटीच्या दिवशी गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांच्या आठवणी मोबाइलवर घ्यायचा. बबलूनं त्याला तांड्यात आणलं. लालीबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसून, खाटेवर बसून सगळी हकीगत सांगितली. शेवटी कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाली, "ज्याईचा तो असन, त्याईनं मले त्याचं नाव सांगावं. मले दुसरं काई नाई पायजे."

व्हिडिओ फिरला. लोकांनी खाली काय काय लिहिलं! एकानं लिहिलं, विमान नव्हतंच ते. एकानं म्हातारीच्या बांगड्यांचं कौतुक केलं. एकजण तर भांडायलाच लागला की बंजाऱ्यांत अशी पद्धतच नाही. लालीबाईनं बबलूला सांगितलं, "याले तांड्यात बोलाव. मी शिकवतो त्याले पद्धत."

आणि मग हवाई दलातल्या एका म्हाताऱ्या माणसाचा निरोप आला. तो लढाईत त्या विमानवाल्याच्याच तुकडीत होता. त्यानं लिहिलं होतं, हा आमचा फ्लाइंग ऑफिसर अनंत विनायक देवस्थळी. दक्षिणेतून विमान घेऊन नागपूरकडे निघाला होता, पुढं आघाडीवर जायचं होतं. वाटेतच इंजिन गेलं. वय पंचवीस. नाशिकचा. एक बहीण आहे, कुंदा, ती अजून नाशकातच असते.

तांड्यात आनंदीआनंद झाला. गेल्या पाडव्याला लालीबाईनं बबलूलाच पुढे बसवलं. बबलूनं एका हातात घास घेतला, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि वाचून खणखणीत हाक मारली, "फ्लाइंग ऑफिसर अनंत विनायक देवस्थळी!"

"आता तो हाजीर साहेब म्हनन," नेमसिंग म्हणाला. सगळे खो खो हसले.

लालीबाई हसली नाही. घास जळला, जाळ उठला, पण तिच्या मनाचं काही समाधान झालं नाही. दिवसभर ती धुसफुसत राहिली. संध्याकाळी शीलानं विचारलं तेव्हा म्हणाली, "हे त्याचं ड्युटीवरचं नाव होय. हाजरी घ्यायचं. आपून बुढीले काय भुरीबाई जयराम राठोड म्हनून बोलावतो काय? याडी म्हनतो. घरात जेवाले बोलावाचं नाव येगळं असते वं. त्याची माय त्याले काय म्हनून पानावर बोलावे, ते नाव मले पायजे."

"आता हे कोन सांगन?" शीला म्हणाली.

"ज्याले ठाऊक हाय ते सांगन," लालीबाई म्हणाली आणि बबलूला पियूषला फोन लावायला लावला.

पियूषनं नाशिकचा पत्ता लावला. एके दिवशी तांड्यात येऊन त्यानं स्पीकरवर फोन जोडून दिला. पलीकडे कुंदाताई. आवाज शहाण्यासुरत्या बाईचा, मोजका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ज्वारीचं, विमानाचं, घागरींचं, पामण्याच्या घासाचं. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. लालीबाईला वाटलं, फोन बंद पडला की काय. मग तिनं विचारलं, "ताई, तुमी घरात त्याले काय म्हनत?"

आणि खरंच फोन बंद झाला.

लालीबाईच्या काळजाचं पाणी झालं. "मी काहून इचारलं वं," ती चार-चारदा म्हणायची. "दुखत्या जागी बोट घातलं म्या." जेवणात तिचं लक्ष लागेना. नेमसिंगनं चिमटे काढणं बंद केलं, हीच मोठी गोष्ट. आठवडा-दीड आठवडा गेला असेल. कुंदाताईंचा फोन स्वतःहून आला. "लालीबाई, ते मला फोनवर नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "तुमचा तो विधी कधी असतो? मी येते."

या दिवाळीला कुंदाताई आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, पांढरे केस, बारीक काठाची सुती साडी. सोबत लेक अनघा. पियूषनं त्यांना यवतमाळहून गाडीनं आणलं. ऐन दिवाळीत घर सोडून बाई आली म्हणून तांडा सगळा दारात. लालीबाईनं त्यांचे पाय धुतले. कुंदाताई संकोचानं मागे सरकल्या तर ही म्हणते, "ठेवा वं पाय, तुमचा भाऊ तं पाय धुवाले बी थांबला नाई."

अनघानं चमकून आईकडे पाहिलं. पण कुंदाताई हसल्या.

उन्हं उतरल्यावर लालीबाई त्यांना टेकडी ओलांडून नाल्यापलीकडे घेऊन गेली. तिथं आता कापूस उभा होता, बोंडं फुटलेली. कुंदाताई बांधावर उभ्या राहिल्या.

"इथं काहीच नाही," त्या म्हणाल्या.

"नाई ताई, काईच नाई. पयले काही वर्स नांगरतानी पत्र्याचे तुकडे निघत. आता मातीच हाय नुसती."

"आम्हाला 'नागपूरजवळ' एवढंच सांगितलं होतं," कुंदाताई म्हणाल्या. "मी पुढं कितीदा तरी नागपूरला गेले असेन. प्रत्येक वेळी गाडी गावाजवळ आली की दोन्ही बाजूंच्या शेतांकडे बघत बसायची. इकडे यायला हवं होतं हे कोणाला माहीत!"

त्यांनी वाकून बांधावरची चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली आणि परत तिथंच टाकली. लालीबाईच्या ओठांवर नाव विचारणं आलं होतं. तिनं जीभ चावली. बाईच्या आयुष्यातला हा मोठाच पराक्रम म्हणायचा.

पाडव्याला सकाळी अंगण सारवून झालं. बबलूनं गोवऱ्यांचे निखारे फुलवले. शीलानं लापशीचं पातेलं आणि तुपाची वाटी आणून ठेवली. नेमसिंग डोक्याला पागोटं गुंडाळून बसला आणि एकेकाला हाका मारू लागला. आजा आला, पणजा आला, भुरी याडी आली. प्रत्येकाचा घास, प्रत्येकाचा जाळ. कुंदाताई पाटावर बसून पाहत होत्या. नेमसिंगचं झालं आणि तो बाजूला सरकला.

लालीबाईनं तुपात बुडवलेला घास कुंदाताईंच्या हातात दिला. "ताई, आता तुमी बोलवा. तुमच्या घरी त्याले जसं म्हनता, तसंच म्हना."

कुंदाताईंनी घास हातात घेतला. जाळाकडे पाहिलं. हात पुढे केला आणि तसाच राहिला. तूप बोटांवरून मनगटापर्यंत आलं, तरी त्या बोलेनात.

"आमच्या घरी म्हणतच नाहीत," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?"

"मिलिटरीनं पेटी बंद करून पाठवली. उघडू नका म्हणाले. आई म्हणाली, मी पाहिलेलं नाही, म्हणजे तो नाही गेला. तो येईल. बाबांनी श्राद्धाचं नाव काढलं तर म्हणाली, जिवंत माणसाचं पान वाढता? लाज वाटत नाही? मग त्याचं श्राद्ध नाही, पितृपक्षात पान नाही, फोटोला हार नाही. एकदा मीच बोलता बोलता त्याचं घरचं नाव घेतलं. तर आई स्वयंपाकघरातून उठून बाहेर गेली आणि दार उघडून उभी राहिली. तिला वाटलं, तो आलाय म्हणून मी हाक मारली. त्यानंतर मी ते नाव तोंडातून काढलं नाही. आई गेली तिला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण तोंडाला लागलेलं कुलूप काही निघालं नाही." त्यांनी लालीबाईकडे पाहिलं. "आमच्या घरात त्याच्या नावानं आजवर एक घास बाजूला काढलेला नाही, लालीबाई. एक नाही."

लालीबाई बघतच राहिली. मनाला धीर म्हणून जन्मभर ती समजत आली होती की त्याच्या घरी, त्याच्या नावानं, त्याच्या माणसांनी वाढलेलं भरलं पान आहे, आणि आपला हा बिननावाचा घास आपला उगीच. तिच्या तोंडून निघून गेलं, "अवं माय! मंग इतके वर्स तो जेवला कुठं?"

"इथं," कुंदाताई म्हणाल्या.

लालीबाईनं पदर तोंडात कोंबला. आणि ही फटकळ, कोणापुढं न वाकणारी बाई सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडली. तिचा घास पोचला होता. नाव नव्हतं तरी पोचला होता. किंवा नसेलही पोचला, देव जाणे. पण दुसरीकडे कुठं जायला त्याला जागाच नव्हती.

निखारे विझत चालले होते. बबलूनं घाईनं फुंकर घातली. कुंदाताईंनी एकदा डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि मोठ्यानं, चक्क रागावल्यासारखी, उशिरा घरी येणाऱ्या भावाला बहीण ओरडते तशी हाक मारली, "गुंड्या! ए गुंड्या! अरे किती वाट बघायची? पान वाढलंय, ये जेवायला!"

घास जाळात पडला.

"गुंड्या?" लालीबाई रडता रडता हसायला लागली. "इमान चालवे तो, अन् गुंड्या?"

"लहानपणी फार गुटगुटीत होता हो," कुंदाताई म्हणाल्या, आणि त्याही हसायला लागल्या. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून हसत होत्या आणि रडत होत्या, आणि अनघा आईकडे अशी बघत होती, जणू हिला आपण आजच पाहतोय.

मग लालीबाईनं दुसरा घास तुपात बुडवला आणि बबलूपुढं धरला. "घे. पुढं तुलेच कराचं हाय. आता तं नाव हाय ना?"

बबलूनं घास घेतला. तोंड उघडलं आणि अडला. सगळ्यांकडे पाहून म्हणाला, "पन याडी, नुसतं गुंड्या कसं म्हनू? मोठा मानूस."

बबलूनं एकदा आपल्या आईकडे पाहिलं, एकदा तिचा हात धरून बसलेल्या कुंदाताईंकडे पाहिलं, आणि त्याचं त्यालाच सुचलं.

"गुंड्या मामा," तो जाळाकडे वाकून म्हणाला, "आव."

जाळ चांगला हातभर उठला. तूपच होतं म्हणा भरपूर. पण या खेपेला नेमसिंग काही बोलला नाही.